चार फुटांच्या युद्धनौकेला मोटर केवढी लागते? मोबाईलच्या चार्जरएवढी!

तलावात चालणाऱ्या रिमोटच्या युद्धनौकांचे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आले असतील. त्यातल्या काही नौका बघताना क्षणभर फसायला होतं. संथ चाल, नाकासमोर छोटीशी लाट, मागे लांब पांढरी रेघ. वाटतं, खरंच समुद्रात हजारो टनांचं जहाज चाललंय. आणि काही नौका? तितक्याच बारकाईनं रंगवलेल्या, तोफा, रडार, झेंडा सगळं जागच्या जागी. पण रिमोट दाबला की नाक वर करून स्पीडबोटीसारख्या सुसाट सुटतात आणि सगळी मजा जाते.

दोन्हींच्या रंगकामात फरक नसतो. फरक असतो डेकच्या खाली, जिथे मोटर, शाफ्ट आणि पंखा म्हणजे प्रोपेलर बसवलेला असतो.

एक मॉडेल बनवायला हौशी माणसाचे कित्येक महिने जातात. ते बुडतं, जळतं किंवा निम्म्या तलावात बंद पडतं, ते बहुतेक वेळा याच भागातल्या चुकांमुळे. आणि नव्या माणसाची नेहमीची चूक एकच असते. मोटर जितकी मोठी तितकं चांगलं, असं त्याला वाटतं.

खरी गोष्ट उलटी आहे. युद्धनौकेच्या मॉडेलला ताकद फार कमी लागते, पण सरळपणा फार लागतो. तो कसा, ते एका ओळखीच्या जहाजावरून समजून घेऊया.

उदाहरण आपल्या मुंबईचं

जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत ‘आयएनएस निलगिरी’ नौदलात दाखल झाली, हे आठवत असेल. पण हे नाव मिळालेली ती पहिली फ्रिगेट नव्हे. आधीची निलगिरी माझगाव डॉकमध्ये बांधली गेली आणि १९७२ मध्ये नौदलात आली. ब्रिटनच्या लिअँडर वर्गाच्या आराखड्यावर बांधलेली ही फ्रिगेट म्हणजे भारतात तयार झालेली पहिली मोठी आधुनिक युद्धनौका.

तिची लांबी साधारण ११३ मीटर, रुंदी १३ मीटर, पूर्ण भार धरून वजन ३,००० टनांच्या आसपास, वेग २८ नॉट म्हणजे ताशी सुमारे ५२ किलोमीटर. वाफेच्या टर्बाइनची ताकद ३०,००० अश्वशक्ती आणि ती पाण्यात उतरवायला दोन शाफ्ट, दोन पंखे.

लिअँडर वर्गाची जहाजं मॉडेल करणाऱ्यांची आवडती आहेत. त्यासाठी १:९६ हे माप बरंच वापरलं जातं. म्हणजे खऱ्या जहाजाचा एक फूट मॉडेलवर पाव इंचाच्याही निम्मा.

या मापात निलगिरी ११८ सेंटिमीटर लांब आणि साडेतेरा सेंटिमीटर रुंद होते. वजन काढताना मात्र ९६ नं एकदा भागून चालत नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही लहान होतात, म्हणून तीनदा भागायचं. ३,००० टनांचे उरतात जेमतेम ३.४ किलो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे बॅटरी घेताना लागेल.

वेग किती हवा? उत्तर दीडशे वर्षांपूर्वीचं

आता वेग. ताशी ५२ किलोमीटरला ९६ नं भागलं तर येतो ताशी अर्धा किलोमीटर. एवढ्या वेगात मॉडेल सोडलं तर ते कासवासारखं सरकेल, समोर लाटच उठणार नाही.

हा प्रश्न सोडवला विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनिअरनं. त्यानं १८६० च्या दशकात वेगवेगळ्या लांबीची मॉडेल्स नदीत ओढून पाहिली. पुढे ब्रिटिश नौदलाच्या पैशातून टॉर्कीला खास टाकी बांधली आणि ‘ग्रेहाउंड’ हे खरं जहाज दुसऱ्या जहाजानं ओढून आपला हिशोब पडताळला. त्याचा निष्कर्ष असा की मॉडेलभोवतीच्या लाटा खऱ्या जहाजासारख्या दिसायला हव्या असतील, तर वेगाला मापानं नाही, मापाच्या वर्गमुळानं भागायचं. आजही जहाजाचा आराखडा पाण्यात उतरण्याआधी त्याचं मॉडेल टाकीत ओढून तपासतात, ते याच तत्त्वावर. आपल्याकडे विशाखापट्टणमला डीआरडीओच्या एनएसटीएल प्रयोगशाळेत अशी मोठी टाकी आहे.

९६ चं वर्गमूळ ९.८. बावन्नला ९.८ नं भागा. उत्तर येतं ताशी ५.३ किलोमीटर.

म्हणजे तलावाच्या काठानं भराभर चालणारा माणूस आणि पूर्ण वेगातली निलगिरी बरोबरीनं जातील. हाच हिशोब उलटा करून बघा. मॉडेल ताशी १५ किलोमीटरनं पळवलं, तर बघणाऱ्याच्या डोळ्याला ती ताशी जवळपास १५० किलोमीटर वेगाची फ्रिगेट दिसते. ती खेळण्यासारखी का दिसते, याचं उत्तर हे आहे.

आता ताकद. याच नियमानं ३०,००० अश्वशक्तीचं रूपांतर केलं तर कागदावर फक्त अडीच वॅट उरतात! प्रत्यक्षात लहान मॉडेलला पाण्याचं घर्षण प्रमाणापेक्षा जास्त लागतं, छोटे पंखे तितके कार्यक्षम नसतात, मोटर आणि शाफ्टही आपला वाटा खातात. हे सगळं धरलं तरी बॅटरीतून दहा-पंधरा वॅट गेले की काम भागतं. साधा मोबाईल चार्जरही जवळपास एवढंच देतो.

मग मोटर कोणती?

हॉबीच्या दुकानात ब्रश असलेल्या मोटरी ३८५, ५४०, ५५५ अशा क्रमांकांनी मिळतात. ५४० ही रिमोटच्या गाड्यांमुळे सगळ्यांना माहीत असलेली, ३६ मिलिमीटर व्यासाची मोटर. नवखा माणूस हमखास तीच उचलतो. निलगिरीएवढ्या मॉडेलसाठी त्याहून लहान ३८५ च्या दोन मोटरी पुरतात.

मोटर निवडताना ताकदीपेक्षा मिनिटाला होणारे फेरे बघावेत. खऱ्या फ्रिगेटचा मोठा पंखा पूर्ण वेगात मिनिटाला साधारण दोनशेच्या घरात फिरतो. वेगाच्या त्याच हिशोबानं मॉडेलचा पंखा दोन हजारांच्या आसपास फिरायला हवा. छोट्या पंख्याची पाण्यातली घसरण धरली तर तीन-चार हजार. गाडीची मोटर मात्र मोकळी फिरताना सहज पंधरा हजारांच्या वर जाते. तिला थेट पंखा जोडला तर पाण्यात नुसता फेस होतो, मोटर तापते आणि बॅटरी अर्ध्या वेळेत संपते.

फेरे कमी करायला दोन मार्ग आहेत. पहिला, १२ व्होल्टची संथ मोटर घेऊन ती ६ व्होल्टवर चालवायची. फेरे साधारण निम्म्यावर येतात आणि मोटर थंड राहते. दुसरा, मध्ये गिअर किंवा दातेरी पट्टा घालायचा. गिअरचा किरकिर आवाज पोकळ हलमध्ये घुमतो, पट्टा बराच शांत चालतो. पण पहिल्या मॉडेलला पहिला मार्ग सोपा, कारण जितके भाग कमी तितकी बिघाडाची ठिकाणं कमी.

मोटरपासून पंख्यापर्यंत काय काय असतं?

मोटरच्या पुढे असते कपलिंग, म्हणजे मोटरचा दांडा आणि शाफ्ट जोडणारा लवचिक सांधा. मग शाफ्ट, साधारण ४ मिलिमीटर जाडीची स्टीलची सळई. हा शाफ्ट पितळी नळीतून हलच्या बाहेर जातो, तिला स्टर्न ट्यूब म्हणतात. नळीच्या दोन्ही टोकांना बुश असतात, शाफ्ट त्यांच्यात फिरतो. युद्धनौकेचे शाफ्ट हलबाहेर बरेच लांब जातात, म्हणून पंख्याच्या जरा आधी त्यांना धरायला इंग्रजी ‘ए’ च्या आकाराचा आधार असतो. शेवटी पंखा आणि त्याला आवळून ठेवणारा लॉक नट.

लॉक नट क्षुल्लक वाटतो, पण तो विसरू नका. दोन्ही शाफ्टचे आटे एकाच दिशेचे असतात आणि पंखे उलट-सुलट फिरतात. त्यामुळे एक पंखा पुढे जाताना सैल होऊ पाहतो, दुसरा मागे जाताना. नट नसेल तर पितळी पंखा तलावाच्या तळाशी जातो.

आणखी एक गोष्ट. पंखा पाण्याला मागे ढकलतो तेव्हा शाफ्ट पुढे ढकलला जातो. हा दाब नळीच्या तोंडावरच्या वॉशरनं घ्यायला हवा. वॉशर आणि नळीत कागद सरकेल एवढीच फट ठेवा. जास्त ठेवली तर सगळा दाब मोटरवर येतो आणि तिचं बेअरिंग लवकर जातं.

खरं काम इथे आहे: लाईनदोरी

गवंडी भिंत उभी करताना दोरी लावतो, तसंच इथे आहे. मोटरचा दांडा आणि शाफ्ट एका रेषेत नसतील तर प्रत्येक फेऱ्याला सांधा वाकतो, आवाज येतो, बुश झिजतात आणि अर्धी ताकद हल थरथरवण्यात जाते. ‘कपलिंग लवचिक आहे, घेईल सांभाळून’ असं म्हणून चालत नाही. कपलिंग केसभर फरक सांभाळायला असते, बोटभर नाही.

अनुभवी लोक साधारण या क्रमानं जातात.

१. हल स्टँडवर सरळ ठेवायची. आराखड्यावरून शाफ्ट कुठून बाहेर येतो ती जागा दोन्ही बाजूंना आखायची. शाफ्टचा कोन उथळ असतो, म्हणून गोल भोक पुरत नाही, लांबट फट कापावी लागते.

२. नळी, आतला शाफ्ट आणि बाहेरचा आधार हे तिन्ही आधी कोरडेच लावून बघायचे. दोन्ही पंख्यांचं मधल्या रेषेपासून आणि तळापासूनचं अंतर सारखं आहे ना, ते मोजायचं. शाफ्ट दोन बोटांनी फिरवला की अडखळता कामा नये.

३. मग चिकटवण्याच्या थेंबांनी जागच्या जागी टाचायचं आणि पुन्हा फिरवून बघायचं. समाधान झालं की हलचा आतला भाग सँडपेपरनं घासून इपॉक्सी आणि फायबर कापडानं पक्कं करायचं. या वेळी शाफ्ट नळीच्या आतच ठेवायचा, म्हणजे नळी वाकत नाही. टोकांना थोडं ग्रीस लावलं की इपॉक्सी आत शिरत नाही.

४. आता मोटर. इथे एक सोपी युक्ती आहे. लवचिक कपलिंगऐवजी आधी पितळी नळीचा एक तुकडा घ्यायचा, जो मोटरच्या दांड्यावर आणि शाफ्टवर दोन्हीकडे घट्ट बसेल. त्यानं मोटर शाफ्टला जोडली की ती आपोआप एका रेषेत येते. मग मोटरच्या खालची बैठक तिच्या उंचीप्रमाणे भरून चिकटवायची. सुकलं की पितळी तुकडा काढून खरी कपलिंग लावायची.

बैठक चिकटवा, पण मोटर मात्र स्क्रूनंच बसवा. ती कधीतरी बदलावी लागणारच आहे.

काम नीट झालंय का, हे मल्टिमीटर सांगतो. नुसती मोटर किती अँपिअर घेते ते मोजा. मग शाफ्ट जोडून हवेतच पुन्हा मोजा. आकडा थोडासा वाढला तर ठीक. दुप्पट-तिप्पट झाला तर कुठेतरी घासतंय. पाण्यात जाण्याआधी ते शोधा.

पाणी आत कसं येतं?

हलला भोक पाडून त्यातून फिरती सळई बाहेर काढायची आणि पाणी आत येऊ द्यायचं नाही, हा यातला जुना पेच आहे.

नळीचं आतलं टोक पाण्याच्या रेषेच्या वर असेल तर प्रश्नच येत नाही, पाणी तेवढं चढत नाही. पण युद्धनौकेत शाफ्ट जवळजवळ आडवे असतात, त्यामुळे आतलं टोकही बहुतेक वेळा पाण्याच्या पातळीखालीच राहतं. म्हणून नळीवर एक बारीक उभी नळी सोल्डर करतात आणि तिचं तोंड पाण्याच्या रेषेच्या वर आणतात. त्यातून तेल किंवा पातळ ग्रीस भरायचं. खोली जेमतेम चार-पाच सेंटिमीटर, दाब नगण्य, त्यामुळे एवढा थर पाणी अडवायला पुरतो. घट्ट ग्रीस मात्र कोंबू नका. शाफ्ट चिखलातून फिरल्यासारखा जड होतो.

पेलाभर पाण्यानं काय होतंय, असं वाटेल. पण साडेतेरा सेंटिमीटर रुंदीच्या अरुंद हलमध्ये ते पाणी वळणावर एका बाजूला धावतं, नौका कलते, कलली की आणखी पाणी तिकडे जातं. मॉडेल असं उलटायला वेळ लागत नाही.

दोन पंखे उलट का फिरवायचे?

मागून पाहिलं तर उजवीकडचा पंखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं आणि डावीकडचा विरुद्ध दिशेनं, म्हणजे वरची पाती बाहेरच्या बाजूला जातील असे, ही दोन पंख्यांच्या जहाजांची सर्वसाधारण पद्धत. दोन्ही एकाच दिशेनं फिरले तर त्यांचा पीळ एकत्र येऊन अरुंद हल एका बाजूला कलते. उलट फिरले की पीळ एकमेकांना खोडतात. म्हणून पंखे घेताना एक उजवा, एक डावा घ्यायचा आणि एका मोटरच्या वायरी उलट जोडायच्या. फक्त मोटर दोन्ही दिशांना सारखीच फिरणारी हवी. काही मोटरी एका दिशेला जास्त जोरात फिराव्यात अशाच बनवलेल्या असतात.

दोन्ही मोटरी एकाच स्पीड कंट्रोलरवर चालवता येतात. ते सोपं आणि स्वस्त. दोन वेगळे कंट्रोलर लावून सुकाणूबरोबर एक पंखा संथ, दुसरा जलद करता आला, तर नौका जवळजवळ जागेवर वळते.

पण नुसत्या पंख्यांनी जहाज वळतं का, हे आराखड्यावर अवलंबून असतं. जर्मनीची ‘बिस्मार्क’ ही तीन पंख्यांची युद्धनौका. चाचण्यांतच दिसलं होतं की सुकाणूशिवाय, फक्त पंख्यांवर ती धड वळत नाही. २६ मे १९४१ ला ‘आर्क रॉयल’वरून उडालेल्या विमानाचा टॉर्पेडो तिच्या मागच्या भागाला लागला आणि सुकाणू अडकलं. इंजिनं चालू होती, पंखे फिरत होते, पण दिशा हातात राहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बुडाली. तिचं मॉडेल बनवणाऱ्यांनी सुकाणू बसवताना म्हणूनच जास्त काळजी घ्यावी.

आग लागते ती कुठे?

मोटर फिरत असताना ती स्वतःच उलटा विद्युतदाब तयार करते आणि त्यामुळे करंट आटोक्यात राहतो. पंखा अडकला की हा उलटा दाब नाहीसा होतो आणि करंट कितीतरी पटींनी उसळतो. आपल्याकडच्या तलावांत जलपर्णी, पतंगाचा मांजा, प्लॅस्टिकच्या दोऱ्या यांची कमी नाही. पंख्यात एक दोरा गुंतला आणि काठावरच्या माणसानं ‘चालत का नाही’ म्हणून रिमोट आणखी दाबला की आधी कंट्रोलर जळतो, मग वायर वितळते. मोठ्या मोटरचा धोका इथेही जास्त, कारण अडकल्यावर ती जास्त करंट ओढते.

उपाय सोपा आहे. मॉडेल बाथटबमध्ये किंवा मोठ्या टबात हातानं धरून पूर्ण वेगात चालवा आणि करंट मोजा. त्या आकड्याच्या दीड ते दोन पट क्षमतेचा, पण कंट्रोलरच्या मर्यादेपेक्षा कमी असा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा. गाडीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळणारा पात्यांचा फ्यूज चालतो.

दोन कंट्रोलर असतील तर आणखी एक पथ्य. दोन्ही रिसीव्हरला वीज पुरवू लागतात आणि एकमेकांशी भांडतात. म्हणून बहुतेक वेळा एकाची रिसीव्हरकडे जाणारी लाल वायर काढून, टोक टेप लावून बंद करतात. आणि रिसीव्हरची अँटेना पाण्याच्या रेषेच्या वर ठेवा. २.४ गिगाहर्ट्झचे सिग्नल पाण्यातून जात नाहीत.

बॅटरीसाठी आता तो ३.४ किलोचा आकडा आठवा. यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी दोन किलोच्या पुढे जाते. एकटीच अर्ध्याहून जास्त वजन खाणार. ६ व्होल्ट ४ अँपिअर-तासाची बॅटरी पाऊण किलोच्या आसपास बसते, आणि दोन अँपिअर लागत असतील तर तासाहून जास्त चालते. ती तळाशी, मध्यभागी ठेवली की नौकेला स्थिरताही मिळते. लिथियम पॉलिमर बॅटरीची ताकद इथे गरजेचीच नाही, आणि बंद हलमध्ये तिला पाणी लागलं किंवा मार बसला तर आगीची जोखीम मात्र येते.

डेक चिकटवण्याआधी

शेवटचा प्रश्न स्वतःला विचारायचा. उद्या मोटर गेली तर ती बाहेर कशी काढणार? बरेच सुंदर मॉडेल्स इथे अडकतात. डेक पक्का चिकटवलेला, रंगवलेला आणि खाली एक स्क्रू सैल झालेला. म्हणून मोटरी, कपलिंग आणि तेलाची नळी यांच्या बरोबर वर निघणारा भाग ठेवा. पुलाचा आणि धुराड्याचा वरचा भाग एकत्र उचलता आला की जोड दिसतही नाही.

एनसीसीच्या नौदल शाखेत असलेल्यांना हे जग नवं नाही. त्यांच्या नौसैनिक शिबिरात जहाजांची मॉडेल्स बनवण्याची स्पर्धाच असते. बाकीच्यांसाठी सुरुवात एवढीच: आधी मोटर विकत घेऊ नका. आधी मापाचं वर्गमूळ काढा, वेग ठरवा, वजन मांडा आणि शाफ्ट दोन बोटांनी फिरवून बघा. तो आवाज न करता फिरत राहिला, तर अर्धी नौका तयार झाली असं समजा.